पाचवं प्रकरण
प्रबंध बाइंडिंगला जायच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक सरांनी तिचं पाचवं प्रकरण लालेलाल करून टेबलावर आपटलं. मुंग्यांबद्दलचा सरांचाच गाजलेला सिद्धांत तिने याच प्रकरणात मोडीत काढला होता. अर्थात जपून, हातचं राखून. “सर, पुरावे पक्के आहेत. प्रकरण मी वगळणार नाही,” ती ठामपणे म्हणाली. “आधी बघ तरी, बाई!” सर खेकसले. तिने पानं चाळली. एकाही पुराव्याला सरांनी हात लावला नव्हता. खोडला होता तो फक्त एकच शब्द, जिथे दिसेल तिथे: ‘कदाचित’. “मी चुकलो म्हणायचंय ना? मग छातीठोकपणे म्हण की!” शेवटच्या पानावर मात्र एक ‘कदाचित’ तसाच होता. “सर, हा राहिला.” “राहिला नाही, ठेवलाय,” म्हणत सरांनी लाल पेन तिच्यापुढे धरलं. तिने एका फटक्यात रेघ ओढली.