टोकाची मांडणी

कपड्यांच्या दुकानाच्या दारातलं यंत्र किंचाळलं आणि झुंबरबाईंनी सवयीने दोन्ही हात वर केले. एका हातात बिल होतं, दुसऱ्यात लेकीच्या नव्या फ्रॉकची पिशवी.

"ए बाई, पिशवी उलटी कर इथंच!" मॅनेजर गल्ल्यावरून ओरडला. "पारध्यांच्या वस्तीवरची आहे ही, ओळखतो मी."

रांगेतल्या माना वळल्या. झुंबरबाई खाली बसून पिशवी सोडू लागल्या. ही गोष्ट आपल्याआधी वस्तीवर पोचणार आणि लेक हा फ्रॉक कधीच अंगाला लावणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"उठा मावशी," दारावरची रखवालदार कुंदा म्हणाली. "साहेब, आधी आपली चूक तपासायची, मग गिऱ्हाइकाची पिशवी. ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलंय."

तिने बिल पाहिलं, फ्रॉकची कॉलर चाचपली. चोरी पकडणारं प्लास्टिकचं बटण तिथंच होतं. पैसे घेणाऱ्या मुलीने ते काढलंच नव्हतं.

"बरं, जाऊ दे त्यांना," मॅनेजर पुटपुटला.

"आळ मोठ्याने घेतलात, माफीही मोठ्याने मागा. नाहीतर उद्यापासून दारावर तुम्हीच उभे राहा."

मॅनेजरने माफी मागितली. ती रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेली.

झुंबरबाईंनी कुंदाचा हात नुसता घट्ट दाबला. इतकी वर्षं त्या, कुणाला संशय नको म्हणून, गल्ल्यावरून दिसतील अशाच मांडण्यांपाशी खरेदी करत आल्या होत्या. आता समोर दार उघडं होतं. पण त्या मागे वळल्या आणि दुकानाच्या पार टोकाच्या मांडणीकडे, लेकीसाठी रिबिनी बघायला, सावकाश चालत गेल्या.