चुगलखोर लॅपटॉप

या मायबापहो, जवळ बसा, दोघी बहिणींची गोष्ट सांगते. नवऱ्याच्या माराला भिऊन थोरली धाकटीकडे पळून आली, हातात फक्त लॅपटॉप. तो रखडतोय म्हणून धाकटीनं काळ्या पडद्यावर, साइटचे पत्ते कोण पुरवतं ते दाखवणारी, डीएनएसची कमांड टाकली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. “ताई, ही सेटिंग कुणी बदलली?” “ह्यांनीच. नेट जोरात चालेल म्हणाले.” “कधी नव्हे तो पुळका! साइट उघडण्याआधी तुझा लॅपटॉप तिचा पत्ता भावोजींच्या सर्व्हरला विचारतोय.” “म्हणजे?” “तू काय उघडतेस, कुठून उघडतेस, त्यांना सगळं दिसतं. तू माझ्याकडं आहेस हेही कळलं असेल.” “अगं, मघाशीच मी महिलाश्रमाची साइट उघडली!” “मग तिथं जायचं नाही.” धाकटीनं परगावच्या हॉटेलची साइट उघडली. “शोधू देत तिथं!” लॅपटॉप टाकून दोघी मागच्या जिन्यानं उतरल्या. देवापुढं हात जोडाल तेव्हा दोघींना आठवा. अजून वाटेतच आहेत.