सहा तास, दहा मिनिटं

“चाळीस तासांना दहाच मिनिटं कमी पडतायत, सबनीसबाई. लॉगबुकात कालच्या उड्डाणात वाढवून लिहा, मी सही करतो. वैमानिकाच्या लायसन्ससाठी सगळेच लिहितात,” मी म्हणालो.

बाईंनी पर्समधून दुसरं, जुनं लॉगबुक काढलं. “हे आमच्या ह्यांचं. तुम्हीच शिकवलंत त्यांना. यातले सहा तास ते उडालेच नव्हते, मला हसत सांगायचे. त्या दिवशी ढगात शिरले ते परत आलेच नाहीत. तेच सहा तास कमी पडले का, एवढंच डोक्यात येत राहतं.”

त्या सहा तासांखाली माझी सही होती.

“तुम्हाला बोल लावायला नाही आणलं, सर.”

मी पेनाला टोपण लावलं. “आधी ती दहा मिनिटं उडून या.”

बाई विमान घेऊन उतरेपर्यंत मी धावपट्टीच्या कडेवरून हललो नाही.