दिवा वाढव

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बायनाआत्या झरीहून पूर्णेला भावाकडं आली. भाची अर्पितानं मोठ्या हौसेनं तिच्या खाटेजवळ भिंतीवर स्मार्ट बल्बचं बटण चिकटवलं, मोबाईलवर जोडून घेतलं आणि ऐटीत सांगितलं, "दाबून धरलं की उजेड वाढतच जातो, आत्या."

"मला न्हाई जमायचं बाई. तूच वाढव तेवढा दिवा," आडवी होत आत्या म्हणाली.

अर्पितानं बटण दाबून धरलं. खोली लख्ख झाली.

"वाढव की गं."

"फुल झालाय. ह्याच्यापुढं वाढतच न्हाई."

"बरं, ऱ्हाऊ दे मग," म्हणत आत्यानं पाणावलेल्या डोळ्यांवर पदर ओढला.

एवढ्या उजेडातही बिचारीला दिसेना, आपणच हलका बल्ब आणला, या विचारानं अर्पिताला जेवण गोड लागेना. शेवटी तिनं आईला विचारलंच, "आत्यासाठी मोठा बल्ब आणू का?"

सगळं ऐकून आईनं आधी जाऊन बल्ब बंद केला.

 

"अगं, नारळ फोडला म्हणत न्हाईत, वाढवला म्हणतात ना? तसं आत्याच्या तोंडी दिवाबी विझवत न्हाईत, वाढवतात."