दिवेलागणीच्या आत

ओस्वाल्दोचा बायकोला एकच नियम होता, दिवेलागणीच्या आत घरात. तो स्वतः कामावरून आठला यायचा. नेलिदा शिवणकाम संपवून बहिणीकडे जायची, चहा आणि अवोकाडो लावलेला पाव खाऊन सातला उठायची आणि उजेडातच घर गाठायची.

हिवाळा आला म्हणून शनिवारी रात्री जवळजवळ अख्ख्या चिलीनं घड्याळं तासभर मागं घेतली. ओस्वाल्दोनं स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ फिरवलं. "लोक उगाच बोंबलतात," तो म्हणाला, "एका तासानं कुणाचं काय बिघडतं?"

सोमवारी संध्याकाळी नेलिदा सवयीनं नव्या घड्याळातले सात बघून बहिणीकडून निघाली. बहिणीनं दार उघडलं, तर बाहेर काळोख. ती पळतच सुटली. चौकात टीव्हीवाल्या एका मुलीनं तिच्यापुढं माइक धरला.

"ताई, घड्याळ बदललं ते आवडलं का?"

"एका तासानं कुणाचं काय बिघडतं?" तोंडात आलं ते बोलून नेलिदा पुढं धावली. नवरा यायच्या आत किटली चुलीवर चढली, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. त्याच्यासमोर बसून तिनं पुन्हा पाव खाल्ला, दिवसभर उपाशी असल्यासारखा.

तेवढ्यात बातम्या लागल्या आणि पडद्यावर नेलिदा दिसली. ओस्वाल्दो खूश झाला. "अगं, हे तर माझंच वाक्य."

मग त्याचा घास हातातच राहिला. त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"नेली," तो शांतपणे म्हणाला, "तुझ्यामागं रस्त्यावरचे दिवे लागलेत."