मोकळे हात

बेसा भागातल्या एका बांधकामावर शोभाताई मजुरांच्या पोरांचा वर्ग घ्यायच्या. सात वर्षांची भूमिका पुढे बसून घडाघडा पाढे म्हणायची. तिची मोठी बहीण अपेक्षा मात्र मागे उभी, कडेवरच्या तान्ह्या भावाला झुलवत. शेवटी शोभाताई चिडल्याच. "लेकरू सांभाळणं हे तुझं काम नाही वं! उद्यापासून मोकळ्या हातानं येत जा."

दुसऱ्या दिवशी अपेक्षा खरंच मोकळ्या हातानं आली, चापूनचोपून वेणी घालून, आणि थेट पुढे बसली. शोभाताईंना आपल्याच धाकाचं कौतुक वाटलं.

"चला, साताचा पाढा! भूमिका, कर सुरू."

शोभाताईंनी पोरांवरून नजर फिरवली.

"भूमिका कुठाय वं?"

"बाबूले घेऊन बसली नं, मॅडम," अपेक्षा पाटी पुसत म्हणाली. "तुमीच तं म्हटलं, ते माह्यं काम नाही."