उजेडाचं गणित

“दादा, घोंगडं ताणून धर. ढिलं सोडू नको.”

किती वर्षांपूर्वीचा तो आवाज बाळासोच्या कानात होता! धाकटा भाऊ नाथाजी सांगलीच्या कॉलेजातून सुट्टीला आला होता. ताणलेल्या घोंगड्यात त्यानं धोंडा ठेवला, कडेनं हरभरा सोडला. हरभरा वळसे घेत धोंड्याला जाऊन टेकला.

“त्याला कुणी वढलं न्हाई, दादा. जडपणानं वाटच वाकली. सूर्यापाशी उजेडबी असाच वाकतो.”

आता त्रेचाळीस साल. आष्ट्याच्या घरी नाथाजी बाजेवर पडून होता. क्षयानं नुसत्या बरगड्या उरल्या होत्या. चळवळीत भूमिगत झालेला बाळासो वर्षानं, भर दुपारी, धनगराच्या वेशात त्याला भेटायला आला होता.

“तोडून झाल्या का सायबाच्या सगळ्या तारा?” नाथाजी हसला, मग खोकतच राहिला.

“बोलू नको. धाप लागंल.”

“मग मुक्यानंच मरू व्हय?” तो थांबला. “दादा, पुण्याच्या प्रोफेसरांना चाळीस पानं धाडली हुती. वैनीनंच टाकली टपालात. विझलेला तारा आपल्याच वजनानं आत आत खचतो. भवतालची जागा इतकी वाकते, की त्याचा उजेड बाहेर येतच न्हाई. तारा असतो, पर कुणाला दिसत न्हाई. त्याचं गणित मांडलं हुतं.”

“दुसरी प्रत?”

“ह्या जर्मनच्या लढाईत कागद मिळतोय कुठं? आन् आता हातात पेन्सिल ठरत न्हाई.”

बाळासोनं त्याला पाणी पाजलं. निम्मं गळ्यावरून ओघळलं.

“आठ महिनं झालं, उत्तर न्हाई. म्हंजे चुकलंच. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी लिवलं नसंल. कुठं चुकलं, एवढं जरी कळलं असतं…”

“चुकलं न्हाई तुझं.”

“तुला काय कळतंय रं त्यातलं?”

बाळासो बाजेचा सुंभ नखानं कुरतडत राहिला. बाहेर कुणाची तरी गाडी गेली, तिची चाकं लांबवर वाजत राहिली.

“पाकीट पुण्याला पोचलंच न्हाई,” तो म्हणाला. “टपालाची थैली आमीच लुटली. सरकारी म्हणून माळावर पेटवली. वरचं अक्षर मी वळखलं, नाथा. तवा नुसत्या कडा जळत हुत्या. संगतीची पोरं बघत हुती, घरचं तेवढं वाचवलं म्हणली असती… म्हणून हात घातला न्हाई.”